रेडिओवरचं स्किट टीव्हीवर नेताना विनोदाची जागा कशी बदलते

प्रश्न असा आहे: बीबीसी रेडिओ ४ वरचे 'गुडनेस ग्रेशस मी', 'लिटल ब्रिटन', 'द लीग ऑफ जंटलमेन' असे स्किटचे कार्यक्रम पुढे टीव्हीवर गेले. लेखक तेच, नट तेच, पात्रंही बरीचशी तीच. मग संहितेत नेमकं काय बदलावं लागलं? रेडिओची संहिता उचलून ती तशीच कॅमेऱ्यासमोर का करता येत नाही?

करता येते. फक्त त्यातलं बरंचसं पडतं, आणि का पडलं हे पटकन लक्षात येत नाही, कारण संवाद तेच असतात आणि रेडिओवर त्यांना हशा मिळालेला असतो. लेखकाला वाटतं नटानं चूक केली, नटाला वाटतं दिग्दर्शकानं केली. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: कोणाला काय कधी कळतं, याचा क्रम बदललेला असतो. ऐकणाऱ्याला लेखक सांगेल तेवढंच ठाऊक असतं. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी खोली, कपडे, वय, चेहरा, कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस, सगळं एकदम कळतं. रेडिओवरचा विनोद बहुधा 'न सांगितलेल्या' गोष्टीवर उभा असतो. टीव्हीवर ती गोष्ट लपत नाही, त्यामुळे विनोदाला दुसरी जागा शोधून द्यावी लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये रेडिओ ४ ही अनेक वर्षं विनोदी कार्यक्रमांची रोपवाटिका राहिली आहे. 'ऑन द अवर' १९९१-९२ मध्ये रेडिओवर झाला आणि १९९४ मध्ये त्यातून टीव्हीवरचा 'द डे टुडे' आला. 'गुडनेस ग्रेशस मी' १९९६ मध्ये रेडिओवर सुरू झाला, जानेवारी १९९८ मध्ये बीबीसी टू वर. 'लीग'ची सहा भागांची रेडिओ मालिका १९९७ ची, टीव्ही मालिका १९९९ ची. 'लिटल ब्रिटन' २००० आणि २००३, 'डेड रिंगर्स' २००० आणि २००२. 'दॅट मिचेल अँड वेब साउंड' २००३ मध्ये आला आणि २००६ मध्ये टीव्हीवर जाताना नावातला 'साउंड' काढून 'लुक' केला. या प्रश्नाचं सगळ्यात छोटं उत्तर कदाचित त्या एका शब्दातच आहे.

रेडिओवर आधी करून बघण्याचं कारण सरळ आहे: खर्च. नट हातात कागद धरून उभे राहतात, पाठांतर नाही, रंगभूषा नाही, नेपथ्य नाही. समोर प्रेक्षक बसवून एका संध्याकाळी भागभर मजकूर ध्वनिमुद्रित होतो, प्रत्यक्ष लागतो त्यापेक्षा बराच जास्त, आणि त्यातून कापून सुमारे २८ मिनिटांचा भाग बनतो. कुठलं पात्र चालतं आणि कुठलं नाही, हे प्रेक्षकांच्या हशावरून तिथल्या तिथे कळतं. टीव्हीवर त्याच २८ मिनिटांसाठी एका कॅमेऱ्यानं बाहेर चित्रीकरण केलं तर दिवसाला चार ते सहा मिनिटांचा वापरता येणारा मजकूर हाती लागतो. म्हणजे फसलेलं स्किट रेडिओवर तीन मिनिटं खातं, टीव्हीवर अर्धा दिवस.

आता एक स्किट जवळून बघू. उदाहरण इथेच रचलेलं आहे. स्थळ: लंडनमधलं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय. रेडिओवर ते असं चालेल.

(दार उघडतं. टेबलावरची घंटी.)
कारकून: बोला.
गृहस्थ: एक गोष्ट हरवली होती माझी.
कारकून: रंग?
गृहस्थ: तपकिरी. कपाळावर पांढरा चांद.
कारकून: छत्री?
गृहस्थ: नाही हो.
कारकून: चामड्याची?
गृहस्थ: तसं म्हणता येईल.
कारकून: पाय?
गृहस्थ: चार.
कारकून: खुर्ची. आतल्या खोलीत बघा.
गृहस्थ: राहू द्या, सापडली. हिच्यावर बसूनच आलोय.
(घोडी खिंकाळते.)
कारकून: मग खाली उतरा. फॉर्म उभ्यानं भरायचा असतो.

रेडिओवर हे नीट चालतं. 'कपाळावर चांद' ऐकल्यावर काहींना घोडीची शंका येते, पण ती शंकाच त्यांना पुढे ऐकायला लावते. शेवटच्या खिंकाळीपर्यंत घोडी खोलीत नसते, आणि खिंकाळल्यावर ती पहिल्यापासून तिथे होती असं होतं. ही करामत फक्त कानाला दाखवता येते. आणि तिचा खर्च म्हणजे ध्वनिसंग्रहातली एक खिंकाळी.

हेच स्किट टीव्हीवर नेलं की पहिल्याच चौकटीत घोडी दिसते. रहस्य संपलं. आता 'छत्री?' 'नाही हो' या ओळी नुसत्या ताणलेल्या वाटतात, कारण प्रेक्षकाला उत्तर माहीत आहे आणि कारकूनालाही दिसत असणारच. इथे लेखकापुढे दोन रस्ते असतात. पहिला, घोडी लपवायची: फक्त खिडकीच्या चौकटीत गृहस्थाचा चेहरा ठेवायचा आणि शेवटी कॅमेरा मागे आणायचा. बहुतेक जण हाच रस्ता धरतात आणि बहुतेकदा तो नजरेच्या उंचीवर फसतो. घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर असतात. बसलेला कारकून त्याच्याशी बोलताना मान वर करणारच. मान वर केली तर प्रेक्षकाला आधीच कळतं. समोर बघितलं तर शेवटी कॅमेरा मागे आल्यावर चित्र जुळत नाही, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी फसवणूक जाणवते. हशा अर्धा होतो. हे टाळायचं असेल तर कारकूनाची बैठक उंच जोत्यावर घ्यावी लागते, आणि ती उंच का आहे हे चित्रातच पटवावं लागतं.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो: घोडी पहिल्यापासून उघड दाखवायची आणि विनोद दुसऱ्या माणसावर टाकायचा.

(गृहस्थ घोडीवर बसून खिडकीशी. कारकून फॉर्ममधून मान वर काढत नाही.)
कारकून: वस्तू?
गृहस्थ: सापडली.
कारकून: हरवल्याशिवाय सापडल्याची नोंद होत नाही. रंग?
गृहस्थ: (खाली बघून) तपकिरी.
(घोडी खिडकीतून मान आत घालते आणि फॉर्म तोंडात धरून ओढते. कारकून मान वर न करता खणातून दुसरा फॉर्म काढतो.)
कारकून: रंग?

मूळ तेरा ओळींतल्या जेमतेम दोन-तीन उरल्या. घोडीचं रहस्य गेलं, त्याच्या जागी कारकूनाचा हट्ट आला. वेळ दीड मिनिटावरून चाळीस सेकंदांवर आला. आणि शेवटचा हशा मिळवणाऱ्या 'रंग?' या शब्दात स्वतःचं असं काही नाही, तो चित्रामुळे हसवतो. रेडिओचा लेखक टीव्हीसाठी पहिल्यांदा लिहितो तेव्हा हीच गोष्ट त्याला सगळ्यात जड जाते. आपली चांगली ओळ कापली जाते आणि स्किट सुधारतं, हे पचायला वेळ लागतो.

(खऱ्या घोड्याचा हिशेबही सांगून ठेवतो: सांभाळणारा माणूस, स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर अंथरायला न घसरणारं काही, आत आणायला उतरण, विमा, आणि तो ठरल्या जागी उभा राहीलच याची कुठलीच खात्री नाही. शेवटी टापांचा आवाज बहुतेक वेळा नंतरच भरला जातो.)

सगळीच स्किट्स अशी उलटीपालटी करावी लागत नाहीत. पहिलं काम हे ओळखण्याचं की विनोद आवाजात आहे, युक्तिवादात आहे की प्रसंगात. ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कलाकारांच्या 'गुडनेस ग्रेशस मी'मध्ये तिन्ही प्रकार सापडतात, म्हणून तो अभ्यासायला फार चांगला.

सगळं भारतातून आलं असं ठासून सांगणारे वडील घ्या. ब्रिटिश राजघराणंसुद्धा भारतीयच, कारण सगळे एका घरात राहतात, घरच्याच धंद्यात काम करतात, लग्नं जमवून होतात. हा विनोद युक्तिवादाचा आहे. त्याला दोन माणसं आणि एक बसायची जागा पुरते, मुलाचा वैतागलेला चेहरा हीच टीव्हीनं घातलेली भर. अशा स्किटला फार हात लावू नये. दृश्य 'समृद्ध' करायच्या नादात मागे कोणी काहीतरी करू लागलं की प्रेक्षकाचं लक्ष तिकडे जातं आणि युक्तिवादाची एक पायरी निसटते. एक पायरी निसटली की शेवटचा निष्कर्ष पडलाच.

याच्या अगदी उलट बाजूला 'इंग्लिश जेवायला जाऊ या' हे त्यांचं टीव्हीवरचं गाजलेलं स्किट. ब्रिटनमध्ये शुक्रवारी रात्री पबमधून थेट भारतीय रेस्टॉरंटमध्ये जायचं, वेटरच्या नावाची मोडतोड करायची, सगळ्यात तिखट पदार्थ कोणता म्हणून मर्दुमकी दाखवायची, ही रीतच आहे. या स्किटनं ते सगळं मुंबईतल्या एका इंग्लिश रेस्टॉरंटमध्ये उलटं करून ठेवलं. टेबलाभोवती झिंगलेले भारतीय तरुण, समोर गोरा वेटर. त्याच्या जेम्स या सरळ नावाचीही वाट लावायची आणि मेन्यूतलं सगळ्यात बेचव काय आहे ते मागायचं. इथे टीव्ही किती उपयोगी पडतो बघा. वेटर फारसं बोलत नाही. रेडिओवर न बोलणारा माणूस खोलीत नसतोच, त्याला ठेवायचं तर दर तीन-चार ओळींनी तोंड उघडायला लावावं लागतं. टीव्हीवर तो नुसता वही धरून उभा राहतो आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या सवयीच्या सहनशीलतेतून ब्रिटनमधल्या हजारो वेटरांचा अनुभव बोलतो. मला या स्किटचं मोल विनोदापेक्षाही इथे जास्त वाटतं.

'गुडनेस ग्रेशस मी'चे नट म्हणजे संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया असे चौघे. नीना वाडिया मूळच्या मुंबईत जन्मलेल्या. रेडिओवर चौघांचे चार आवाज स्पष्ट वेगळे ओळखू येतात, आणि ही गोष्ट योगायोगावर सोडायची नसते. एका पट्टीतले दोन पुरुष आवाज एका दृश्यात घेतले की ऐकणारा तिसऱ्या ओळीला हरवतो, म्हणून रेडिओचे लेखक पात्रांना एकमेकांची नावं वारंवार घ्यायला लावतात. टीव्हीची संहिता करताना ही नावं सगळ्यात आधी कापावीत. समोरासमोर बसलेली दोन माणसं एकमेकांना दर वाक्यात नावानं हाक मारत नाहीत. दिसत असताना ते लगेच खोटं वाटतं. त्याच फेरीत 'अरे, हातात काय आणलंस हे?' जातीच्या ओळीही जातात.

कार्यक्रमाच्या नावाचीही एक गोष्ट इथे लागू पडते. पीटर सेलर्सनं १९६० च्या 'द मिलियनेअरेस' चित्रपटात भारतीय डॉक्टर रंगवला होता आणि सोफिया लॉरेनबरोबर 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं म्हटलं होतं. त्याच गाण्याचं भांगड्याच्या ठेक्यातलं रूप या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत झालं. काही सेकंदांत, एकही शब्द न सांगता, आता हसवणारे कोण आणि हसू कोणावर हे ठरून जातं. असं शीर्षकसंगीत दोन्ही माध्यमांत चालतं, त्याला हात लावू नये.

ध्वनीवरच उभा असलेला कार्यक्रम नेणं हे मात्र वेगळंच काम. 'ऑन द अवर' हे बातम्यांचं विडंबन. अर्मांडो इयानुची निर्माते, क्रिस मॉरिस वृत्तनिवेदक. हसणारे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे कानाला ते खऱ्या बातमीपत्रासारखंच लागायचं. विनोदाचा मोठा भाग मजकुरापेक्षा वेष्टनात होता: अंगावर येणारं संगीत, ठासून उच्चारलेले निरर्थक मथळे, कापून उलटसुलट जोडलेले खरे आवाज. हे टीव्हीवर नेताना आवाज तसेच ठेवून वर चित्र लावलं असतं तर कार्यक्रम मेला असता. 'द डे टुडे'वाल्यांनी प्रश्न असा विचारला की रेडिओच्या बातम्यांमध्ये जे काम संगीत करतं, ते टीव्हीच्या बातम्यांमध्ये कोण करतं? उत्तर: ग्राफिक्स. म्हणून फिरणाऱ्या, आपटणाऱ्या, संपतच नाहीत अशा शीर्षकचित्रांचा मारा. आर्थिक बातम्यांमध्ये चलनांची स्थिती दाखवायला चक्क मूत्रपिंडाचं चित्र. ग्राफिक्सची कारागिरी खऱ्या वृत्तवाहिनीच्या तोडीची आहे, आणि तीच विनोदाची अट होती. जरा जरी स्वस्त किंवा गमतीदार दिसली असती तरी 'हे विडंबन आहे बरं का' असं चित्रानंच सांगून टाकलं असतं.

त्याच कार्यक्रमात पोहण्याच्या तलावावरचा माहितीपट आहे, चलनबदलाच्या दुकानातली मालिका आहे. प्रत्येकाचा कॅमेरा, प्रकाश, चित्राचा पोत वेगळा. रेडिओवर एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाणं म्हणजे आवाजाची जागा बदलणं: घुमणारी खोली, मोकळं मैदान, टेलिफोन. टीव्हीवर ते काम चित्राच्या पोतानं करावं लागतं. पैसे वाचवायला सगळं एकाच कॅमेऱ्यानं, एकाच प्रकाशात उरकलं तर कुठलं विडंबन कशाचं हे कळेनासं होतं. सहाच भाग केले त्यांनी. एवढ्या बारकाईनं काम करायचं म्हटल्यावर ते सहाही खूप आहेत.

आता 'लीग'. माझ्या मते माध्यमांतराचा सगळ्यात शिकवणारा प्रवास यांचा, कारण तो दोन टप्प्यांत झाला: रंगमंचावरून रेडिओ आणि रेडिओवरून टीव्ही. मार्क गॅटिस, स्टीव्ह पेम्बर्टन, रीस शियरस्मिथ हे तिघे नट आणि त्यांच्याबरोबर लिहिणारे जेरेमी डायसन. रंगमंचावर तिघे काळे सूट घालून, जवळजवळ काही सामान न घेता, एकामागून एक स्किट करत. १९९७ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्यांना विनोदी कार्यक्रमांसाठीचा पेरिएर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रेडिओवर जाताना त्यांनी सगळ्या पात्रांना एका गावात राहायला पाठवलं. गावाचं नाव स्पेंट. सुट्या स्किट्सना धागा मिळाला, आणि पाहुणा म्हणून मावशीकडे आलेल्या बेंजामिनसारखं पात्र भागागणिक पुढे सरकू लागलं.

टीव्हीवर ते गाव रॉयस्टन व्हेसी झालं (हे रॉय 'चबी' ब्राउन या विनोदवीराचं खरं नाव, आणि तो स्वतः महापौराच्या भूमिकेत आला). चित्रीकरण डर्बीशरमधल्या हॅडफील्डला. रेडिओवर गाव म्हणजे एक नाव आणि थोडा वारा. टीव्हीवर एकाच गावातले रस्ते, तीच करडी आभाळं, तीच दुकानांची रांग मागे सतत दिसत राहते, आणि दोन अगदी भिन्न स्किट्स न सांगता जोडली जातात. रेडिओवर जोडकामासाठी लिहिलेल्या ओळी इथे बिनकामाच्या होतात. स्किटचा कार्यक्रम टीव्हीवर नेणाऱ्याला मी हाच सल्ला देईन: जोडणारा मजकूर लिहू नका, जोडणारी जागा शोधा.

तिघांनी डझनावारी पात्रं करायची म्हटल्यावर एक अडचण टीव्हीवर पहिल्या दिवशी समोर येते. रेडिओवर एक नट एकाच दृश्यात स्वतःशीच भांडू शकतो, आवाज बदलला की झालं. टीव्हीवर त्यासाठी दृश्य दोनदा चित्रित करून जोडावं लागतं, मधे रंगभूषा बदलायला वेळ जातो, आणि दरम्यान उजेड बदललेला असतो. म्हणून संहिता लिहितानाच एक तक्ता करावा: दृश्य आडवं, नट उभे. एका दृश्यात एका नटाची दोन पात्रं आली की तिथे खूण. मग एक पात्र काढायचं, किंवा बाहेरचा नट घ्यायचा, किंवा ते पात्र फोनवर ठेवायचं. हा तक्ता चित्रीकरणाच्या आठवड्यात करायला घेतला तर उशीर झालेला असतो.

रंगभूषेचा दुसरा परिणाम अभिनयावर होतो. डोंगरावरचं स्थानिक दुकान चालवणारे एडवर्ड आणि टब्स रेडिओवर आवाजात होते. टीव्हीवर त्यांना वर वळलेली नाकं मिळाली. चेहरा इतकं सांगू लागल्यावर आवाज खाली आणावा लागतो. रेडिओच्या सवयीचा नट आवाजानं सगळं चित्र काढत असतो, वर चेहराही तेच काढू लागला की पात्र दुप्पट होतं आणि भीती जाते. या दोघांच्या विनोदात भीती हवीच.

हशाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे तांत्रिक चूक फार होते. बाहेर चित्रित केलेली दृश्यं संकलन करून स्टुडिओतल्या प्रेक्षकांना दाखवायची आणि त्यांचा हशा मुद्रित करायचा, ही बीबीसीची जुनी पद्धत. 'लीग'च्या पहिल्या दोन मालिकांना असा हशा आहे. रेडिओवर प्रेक्षक समोर असतात, नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. बाहेर चित्रित केलेल्या दृश्यात थांबायला कोणी नसतं. संकलकानं दृश्य घट्ट कापलं तर हशा पुढच्या ओळीवर चढतो आणि ती ओळ कोणाला ऐकूच येत नाही. उपाय चित्रीकरणातच करून ठेवायचा असतो: जिथे मोठा हशा अपेक्षित आहे तिथे ऐकणाऱ्या पात्राचा दोन-तीन सेकंदांचा निःशब्द शॉट घेऊन ठेवा. हशा आला तर तो वापरता येतो, नाही आला तर काढता येतो. उलट चूकही होते. हशासाठी जागा सोडली, तो आलाच नाही, आणि ती पोकळी तशीच राहिली. २००२ च्या तिसऱ्या मालिकेत त्यांनी हशा काढूनच टाकला आणि प्रत्येक भाग एकेका पात्राभोवती बांधला. गोष्टी लांब आणि काळोख्या झाल्यावर हशा आड येत होता, त्यामुळे निर्णय बरोबरच होता. पण तुमची स्किट्स दीड-दोन मिनिटांची असतील तर ते अनुकरण करू नका. छोट्या स्किटचा शेवट प्रेक्षकाला हशामुळेच कळतो.

निवेदकाचं काम थोडक्यात. 'लिटल ब्रिटन'मध्ये टॉम बेकर यांचा आवाज रेडिओवरही होता आणि टीव्हीवरही. रेडिओवर निवेदक 'आपण आता कुठे आहोत' हे सांगतो. टीव्हीवर ते दिसतंच. मग निवेदन ठेवायचं तर ते चित्राशी विसंगत हवं: साध्या गल्लीवर राजेशाही थाटाची, मूर्ख माहिती. याच कार्यक्रमातला लू आणि अँडीचा विनोद रेडिओवर होऊच शकत नाही. लू अँडीला अपंग समजून सांभाळतो. लू पाठ करून बोलतोय आणि त्याच्यामागे चाकाच्या खुर्चीतला अँडी आरामात उठून मनाला येईल ते करतोय. सगळा विनोद मागच्या बाजूला, पुढे बिनमहत्त्वाचं बोलणं. टीव्हीवर गेल्यावर निदान काही स्किट्स अशी नव्यानं लिहावीत, ज्यांत कान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आवाजानं कोणीही माणूस उभा करता येतो, म्हणून रेडिओच्या लेखकाला पात्राच्या वंशाचा, रंगाचा अडसर वाटत नाही. टीव्हीवर तेच पात्र करायला गोऱ्या नटाचा चेहरा रंगवला जातो आणि अर्थच बदलतो. २०२० मध्ये 'लिटल ब्रिटन' बीबीसीच्या आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवरून आणि 'लीग' नेटफ्लिक्सवरून हटवले गेले, ते याच प्रकारच्या पात्रांमुळे. ही अडचण संहितेच्या टेबलावर सोडवायची. योग्य नट घ्या किंवा पात्र सोडा.

नकलांच्या कार्यक्रमात पेच वेगळा. 'डेड रिंगर्स'मध्ये आवाज शंभर टक्के जमलेला असतो, चेहरा साठ टक्के. रेडिओवर डोळे मिटून खरा पंतप्रधान ऐकू येतो, टीव्हीवर टोप घातलेला नट दिसतो. विगवर आणि नाकांवर पैसे ओतून ही दरी पूर्ण बुजत नाही. देहबोलीतली एकच खूण पकडलेली जास्त उपयोगी पडते. २०१४ मध्ये हा कार्यक्रम रेडिओवर परतला, आणि तिथेच तो जास्त रुजतो असं मला वाटतं.

काही गोष्टी मात्र न्यायच्याच नाहीत. १९५० च्या दशकातल्या 'द गून शो' या रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमामध्ये नेपोलियनचा पियानो पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातून काढून त्याच्यावरच बसून इंग्लिश खाडी पार करतात. ऐकताना पियानो खराखुरा तरंगतो. १९६३-६४ मध्ये 'द टेलिगून्स' नावानं बाहुल्या वापरून गून्सचे १५-१५ मिनिटांचे २६ भाग झाले. बाहुल्यांचा निर्णय शहाणपणाचा होता, माणसं घेतली असती तर आणखी वाईट दिसलं असतं. तरीही प्रत्येक श्रोत्यानं आपल्या मनात काढलेलं चित्र पुसून तिथे एकच चित्र बसवलं गेलं. 'हिचहायकर्स गाइड' या अंतराळातल्या विनोदी मालिकेत झेफॉड नावाच्या पात्राला दोन डोकी आहेत, हे रेडिओवर एका वाक्यात होऊन गेलं. १९८१ मध्ये टीव्हीवर दुसरं डोकं यंत्रावर चालवावं लागलं आणि ते बहुतेक वेळ नुसतं खांद्यावर बसून होतं. संहितेची वर्गवारी करताना अशी वाक्यं लाल पेन्सिलीनं अधोरेखित करा.

वेळापत्रकाचं शेवटी. रेडिओच्या अर्ध्या तासाला बारा-चौदा स्किट्स पुरत असतील तर टीव्हीला अठरा-वीस धरा, कारण प्रत्येक लहान होतं. लिहायची याच्या दुप्पट. चित्रीकरण भागांच्या क्रमानं न करता जागेच्या क्रमानं करा: सहा भागांतली दुकानातली सगळी दृश्यं एकाच दिवशी. दिवसात आधी जड रंगभूषेची पात्रं घ्या, मग हलकी. उलट केलं तर दुपारी दीड-दोन तास सगळे एका नटाची वाट बघत बसतात आणि संध्याकाळचा उजेड निसटतो. संकलनाचा पहिला कच्चा भाग हाती आला की चित्र बंद करून तो नुसता ऐका. गोष्ट पूर्ण समजत असेल तर संवाद अजून रेडिओचेच आहेत. कात्री परत हातात घ्या आणि प्रत्येक स्किटच्या पहिल्या तीन ओळींपासून सुरुवात करा.